जर्मनीत दुकानात मिळणारी एअरसॉफ्ट रायफल वरुडच्या बागेत चालेल का?

वरुड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदारांनी विचारलेला प्रश्न असा. त्यांचा पुतण्या जर्मनीत शिकतो. तिथं एअरसॉफ्ट रायफल दुकानात मिळते, वय १८ पूर्ण असलं की झालं. सुटीत येताना तो एक घेऊन येतो म्हणतो. ती इथं बाळगता येईल का, बागेतली वानरं हाकलायला वापरता येईल का, आणि एकच वस्तू एका देशात खेळ अन् दुसऱ्या देशात थेट तुरुंग, असं का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. भाऊ, ती आणू नका. इथं अगोदरच कुणाकडे असेल तर ती घेऊन बागेत जाऊ नका, आणि वानरावर रोखू तर मुळीच नका. शस्त्र कायदा, वन्यजीव कायदा आणि बंदुकीचं दिसणं, या तिन्ही बाजूंनी तुम्ही अडचणीत याल, आणि यातली कोणतीही एक बाजू पुरेशी आहे.

एअरसॉफ्ट म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण आपल्याकडे छऱ्याची बंदूक आणि ही एकच समजतात. छऱ्याच्या एअरगनमधून ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो, वजन साधारण अर्धा ग्रॅम. एअरसॉफ्टमधून ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोल गोळी सुटते, वजन बहुधा ०.२० ते ०.३० ग्रॅम. आत बॅटरीवर चालणारी मोटर असते, ती दातेरी चाकांनी दट्ट्या मागे ओढते, स्प्रिंग दाबली जाते, दट्ट्या सुटला की त्याच्या पुढची हवा गोळीला ढकलते. काहींत मोटरऐवजी गॅस असतो. बाहेरून मात्र ती खऱ्या रायफलीची हुबेहूब नक्कल असते, तोच आकार, तसंच मॅगझिन, कधी कधी तेवढंच वजन. माणसानं माणसावर खेळात चालवावी म्हणूनच ती बनवलेली आहे. छऱ्याची बंदूक दिसायला साधी पण मार जबर. एअरसॉफ्टचं उलटं, मार कमी पण दिसणं धडकी भरवणारं. जगभरच्या कायद्यांचा सगळा गोंधळ या उलट्या जोडीतून निघतो.

मार मोजायचं माप म्हणजे ज्यूल. गोळीचं वजन किलोग्रॅममध्ये घ्या, वेगाच्या वर्गानं गुणा, निम्मं करा. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगानं सुटली तर बरोबर १ ज्यूल. स्पर्धेतली १० मीटरची एअर रायफल अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटरनं सोडते, म्हणजे साडेसात ज्यूलच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचं सोपं जाईल.

प्रत्येक देशाचा कायदा बंदुकीकडे बघून तीनपैकी एखादा प्रश्न आधी विचारतो. ही किती जोरात मारते? ही दिसते कशी? ही कुणाच्या हातात आणि कुठं आहे? कोणता देश कोणता प्रश्न आधी विचारतो, यावर सगळं ठरतं. समजा ०.९ ज्यूलची, काळ्या रंगाची, एकामागून एक गोळ्या आपोआप सुटणारी एक रायफल आहे. ती देशोदेशी फिरवून बघू.

जपानमध्ये ती चालते. तिथं २००६ साली कायदा बदलून मर्यादा घातली. ती गोळीच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर आहे, दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ज्यूल. ६ मिलिमीटरच्या गोळीला ती ०.९८ ज्यूलच्या जवळ येते. आपली रायफल जेमतेम आत बसते. स्प्रिंग बदलून जोर थोडा वाढवला की बाहेर गेली, आणि बाहेर गेली की ती बाळगणं हाच गुन्हा. ही मर्यादा उगाच आली नाही. २००५ मध्ये जोर वाढवलेल्या बंदुकांनी हमरस्त्यावरच्या गाड्यांवर गोळ्या मारण्याचे प्रकार तिथं घडले होते.

चीनमध्येही माप तेच, दर चौरस सेंटिमीटरला ज्यूल, पण मर्यादा १.८ ची. ६ मिलिमीटरला हिशेब केला तर सुमारे ०.५१ ज्यूल. म्हणजे जपानी दुकानात खेळण्याच्या फळीवर असलेली वस्तू चीनमध्ये कायद्यानं बंदूक ठरते, आणि बंदूक बाळगण्याची शिक्षाही खऱ्या बंदुकीसारखीच. २०१६ मध्ये तिआनजिन शहरात रस्त्याकडेला फुगे फोडण्याचा खेळ मांडणाऱ्या एका बाईंना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. जप्त केलेल्या बंदुकांपैकी सहा या मापात बंदूक ठरल्या होत्या. देशभर लोक हळहळले आणि जानेवारी २०१७ मध्ये वरच्या कोर्टानं शिक्षा तीन वर्षांची करून ती स्थगित ठेवली. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, अशा खटल्यात नुसता ज्यूलचा आकडा न बघता हेतू, दिसणं आणि वापरही बघा, असं खालच्या कोर्टांना सांगितलं. रामटेकच्या किंवा मार्कंड्याच्या जत्रेत फुग्यांचा पाट लावून बसणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. कामधंदा तोच, फक्त देश वेगळा.

तैवानची मर्यादा त्याच मापात २०, म्हणजे ६ मिलिमीटरला साडेपाच ज्यूलच्या वर. आपली रायफल तिथं कुणाच्या खिजगणतीत नाही. हाँगकाँगमध्ये सरळ २ ज्यूल. दक्षिण कोरियात ०.२ ज्यूल, त्यामुळे तिथं ती बाद.

आता कॅनडा. आपल्याला वाटतं की कमी जोराची बंदूक म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं जास्त सुरक्षित. कॅनडात याच्या उलट घडतं. खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी पण सेकंदाला ३६६ फुटांपेक्षा, म्हणजे साधारण १११ मीटरपेक्षा कमी वेगानं मारणारी वस्तू तिथं 'नक्कल' ठरते, आणि नक्कल आयात करणं किंवा विकणं बंद आहे. आपली ०.९ ज्यूलची रायफल ०.२० ग्रॅमची गोळी ९५ मीटरनं सोडते, म्हणजे सुमारे ३११ फूट. ती अडकते ती दुबळी आहे म्हणून. थोडी जास्त जोराची असती तर चालली असती. ५०० फूट आणि ५.७ ज्यूल या दोन्ही ओलांडल्या की मात्र ती परवान्याची बंदूक होते. २०२२ च्या सी-२१ विधेयकात एअरसॉफ्टवर आणखी बंदी घालायचं कलम होतं. खेळाडूंनी जोरदार विरोध केला, २०२३ मध्ये विधेयक मंजूर होण्याआधी ते गळालं.

ब्रिटनमध्ये जोराची मर्यादा आहेच. २०१७ च्या कायद्यानं ती आपोआप सुटणाऱ्याला १.३ ज्यूल आणि एकेक गोळीच्या बंदुकीला २.५ ज्यूल अशी ठरवली. पण तिथला खरा प्रश्न दिसण्याचा आहे. १ ऑक्टोबर २००७ पासून खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणं, बनवणं, आयात करणं गुन्हा आहे. सूट फक्त ठरावीक कामांना, आणि एअरसॉफ्ट खेळणारा त्यात येतो, पण तो खेळ तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा असलेल्या आयोजकाकडे चालायला हवा. बाकीच्यांनी घ्यायची तर झगझगीत नारिंगी, पिवळी, गुलाबी किंवा आरपार दिसणारी घ्यावी. १८ वर्षांखालच्याला नकली बंदूक विकता येत नाही. आणि रंग कोणताही असो, कारणाशिवाय ती घेऊन सार्वजनिक जागी फिरणं हा वेगळा गुन्हा. छऱ्याच्या रायफलीला इंग्लंडात १२ फूट-पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १६ ज्यूलपर्यंत, परवाना लागत नाही, स्कॉटलंडात मात्र ३१ डिसेंबर २०१६ पासून लागतो. २००५ मध्ये ग्लासगोत छऱ्याच्या बंदुकीनं दोन वर्षांचं मूल गेलं, त्यातून ही मागणी उठली होती.

अमेरिकेत खऱ्या बंदुका घरोघरी आहेत, म्हणून नकलीबद्दल कुणी चिंता करत नसेल असं वाटतं. तिथं चिंता वेगळी आहे. पोलिसाच्या समोर आलेली बंदूक खरी असण्याची शक्यताच तिथं जास्त असते. १९८८ च्या केंद्रीय कायद्यानं नकली बंदुकीच्या नळीचं टोक नारिंगी हवं, निदान ६ मिलिमीटर, असं ठरवलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलँड शहरातल्या बागेत १२ वर्षांचा एक मुलगा एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. नारिंगी टोक निघालेलं होतं. पोलिसांची गाडी आली आणि दोनेक सेकंदांत त्याला गोळी लागली. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथं १३ वर्षांचा मुलगा एके-४७ सारख्या दिसणाऱ्या एअरसॉफ्टमुळे असाच मारला गेला. त्यानंतर कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०१६ पासून टोकाशिवाय चापाभोवतीच्या कड्यावर आणि मुठीवरही झगझगीत रंगाची सक्ती केली. या मुलांच्या हातातली बंदूक एक ज्यूलची होती की दोन, याला काही अर्थच उरला नव्हता. समोरच्याला काय दिसलं, एवढंच शिल्लक राहिलं.

ऑस्ट्रेलियात एअरसॉफ्ट जवळजवळ बंदच. १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडात ३५ माणसं गेली, त्यानंतर सगळ्या राज्यांनी मिळून बंदुकांचे नियम आवळले आणि नकलीलाही त्यात सामावून घेतलं. पाण्यात फुगवलेल्या जेलच्या गोळ्या सोडणारी खेळणी क्वीन्सलँडमध्ये चालतात, तीही २०२१ पासून सुरक्षित जागी ठेवून आणि उघडी न मिरवता. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियानं २०२० मध्येच त्यांना बंदूक ठरवलं. आपल्या बाजारात तीच जेलची बंदूक दिवाळीत फुग्यांच्या शेजारी टांगलेली असते.

युरोपात तर मैलागणिक नियम बदलतो. फ्रान्समध्ये ०.०८ ते २ ज्यूलची नक्कल अल्पवयीनाला विकायची नाही. इटलीत १ ज्यूल आणि लाल टोक. स्पेनमध्ये गावच्या नगरपालिकेकडून कार्ड घ्यावं लागतं. नेदरलँड्समध्ये २०१३ पासून मान्य संघटनेचं सदस्यत्व हवं. आयर्लंडमध्ये १ ज्यूलच्या वर गेली की ती बंदूक.

जर्मनीचं जरा सविस्तर सांगतो, कारण पुतण्याला तेच माहीत आहे. अर्ध्या ज्यूलपर्यंतची वस्तू तिथं शस्त्र कायद्याच्या बाहेर. त्यावर ७.५ ज्यूलपर्यंत पंचकोनातला 'एफ' हा शिक्का हवा आणि वय १८. आपोआप गोळ्या सुटणारी फक्त अर्ध्या ज्यूलपर्यंतच. शिवाय २००८ पासून खऱ्यासारखं दिसणारं हत्यार उघडं घेऊन फिरता येत नाही, बंद पेटीत न्यावं लागतं. म्हणजे 'जर्मनीत दुकानात मिळते' हे खरं, पण ती खांद्याला अडकवून रस्त्यानं घरी जायला तिथंही मनाई आहे. आणि आपण जी ०.९ ज्यूलची आपोआप चालणारी रायफल धरली, ती जर्मनीत कुणालाच बाळगता येणार नाही.

आता भारत. आपल्या शस्त्र कायद्याचं मूळ इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यात आहे, जनतेच्या हातात हत्यार नको हा त्याचा उद्देश. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा, आणि सध्याचे नियम २०१६ चे. हवेच्या बंदुकीला या नियमांत दोन कसोट्या आहेत. नळीतून निघताना ऊर्जा २० ज्यूलच्या वर, किंवा नळीचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा, यातली एक जरी ओलांडली तरी परवाना. 'आणि/किंवा' असे शब्द तिथं आहेत. छऱ्याची ०.१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची, रायफल २० ज्यूलच्या आत असेल तर दोन्हींत बसते, म्हणून ती परवान्याशिवाय विकली जाते. एअरसॉफ्टची ऊर्जा १ ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या विसाव्या भागाइतकी. पण नळी ६ मिलिमीटरची. नियम शब्दशः वाचला तर ती दुसऱ्या कसोटीवर अडकते. वेबसाइटवरचा विक्रेता 'लायसन्सची गरज नाही' असं लिहितो तेव्हा त्यानं पहिली कसोटी वाचलेली असते, दुसरी नाही. कस्टममध्ये पार्सल उघडलं गेलं किंवा ठाण्यात पंचनामा झाला, तर विक्रेत्याची ती ओळ तुम्हाला वाचवणार नाही. विमानात हातातल्या सामानात तर खेळण्यातली हुबेहूब बंदूकही चालत नाही. पुतण्याला हे आजच कळवा. विमानतळावर सामान अडकल्यावर त्याच्या शिक्षणाचा आणि व्हिसाचा प्रश्न उभा राहील, तो संत्र्याच्या एका बहराच्या नुकसानीपेक्षा मोठा आहे.

ज्याला इथं घ्यायचीच आहे, त्यानं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत मॉडेल, बोअर आणि ज्यूलचा आकडा देऊन लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखी घ्यावं. तोंडी 'काही होत नाही' याला किंमत नाही. परवाना न लागणारी छऱ्याची रायफल घेतली तरी पक्कं बिल घ्या, त्यावर बोअर आणि क्रमांक लिहून घ्या, आणि बिलाची प्रत बंदुकीसोबत ठेवा. आणि नकली बंदुकीत फेरफार करून तिच्यातून खरं काडतूस उडवण्याचा उद्योग कुणी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात करत असेल, तर त्याला थांबवा. शस्त्र कायद्याच्या कलम ६ चा तो भंग आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते.

विदर्भातल्या शेतकऱ्याला सगळ्यात जास्त गोत्यात आणतो तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चा. शस्त्र कायदा ज्या छऱ्याच्या बंदुकीला परवान्याची गरज नाही म्हणतो, तिलाच हा कायदा 'हत्यार' म्हणतो. त्याच्या व्याख्येत धनुष्यबाण, चाकू, जाळी, फासा, विष, आणि प्राण्याला इजा करू शकणारं कोणतंही साधन येतं. त्यामुळे 'लायसन्स लागत नाही' हे वाक्य जंगलाच्या कडेला येऊन संपतं. अभयारण्यात कोणतंही हत्यार घेऊन लेखी परवानगीशिवाय शिरता येत नाही. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, टिपेश्वर, नवेगाव-नागझिरा, कुठंही नाही. मोटरसायकलच्या मागे बांधलेली छऱ्याची बंदूक तपासणी नाक्यावर सापडली, तर 'वावरात चाललो होतो' हा खुलासा तुम्हाला द्यावा लागेल, आणि तो पटेलच असं नाही. शिकारीच्या व्याख्येतही नुसतं मारणं नाही, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही आहे. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आणि गाडी सरकारजमा होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि प्राणी पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतला, असला, समजा मोर, तर तीन ते सात वर्षं.

काळ्या तोंडाचं वानर, रोही (नीलगाय), रानडुक्कर, पोपट, हे सगळे या कायद्याखाली आहेत. लाल तोंडाचं माकड २०२२ च्या दुरुस्तीत, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचीतून निघालं. म्हणून ते मोकळं झालं असं समजू नका, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा त्यालाही लागू आहे. रोही आणि रानडुकराबद्दल, उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनं बंदोबस्त करता येतो. तिथं 'परवानगीनं' हा शब्द महत्त्वाचा. आणि ते काम परवानाधारक खऱ्या बंदुकीचं आहे. प्लास्टिकच्या गोळीचं नाही आणि छऱ्याचंही नाही. छऱ्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीत निंदणाऱ्या बाईच्या अंगावर जातं.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी वानरांसाठी एअरसॉफ्ट कुचकामी आहे. ०.२० ग्रॅमची गोळी हलकी आणि गोल असते, हवेत तिचा वेग भराभर पडतो. चाळीस-पन्नास मीटरवर ती भरकटते, झाडाच्या पानांत अडकते. जवळून डोळ्याला लागली तर वानर आंधळं होईल, लांबून लागली तर त्याला कळणारही नाही. टोळीला चार दिवसांत सवय होते. आणि बागेच्या मातीत हजारो प्लास्टिकच्या गोळ्या पडून राहतात, त्या कुजत नाहीत.

याच ओघात एक धोक्याची गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती आपल्या सीमेला लागून घडली. माकडं हाकलायला पीव्हीसी पाइप आणि कार्बाइडची घरगुती बंदूक अनेक ठिकाणी बनवतात. २०२५ च्या दिवाळीत भोपाळसह मध्य प्रदेशात ती मुलांच्या हातात खेळणं म्हणून गेली आणि कित्येक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. स्फोट झाला नाही म्हणून मूल पाइपमध्ये डोकावून बघतं आणि नेमका तेव्हाच वायू पेटतो. भाजतं ते तर आहेच, त्यात उरलेला चुना डोळ्यात जाऊन बुबुळ आतून जाळत राहतो. असं झालं तर डोळा चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान वीस मिनिटं सतत धुवा आणि धूत धूतच दवाखान्याला निघा. तेल, तूप, दूध काही घालू नका.

आता दिसण्याबद्दल, कारण विदर्भात हा प्रश्न अमेरिकेपेक्षा फार वेगळा नाही. आपल्या गावात रायफलीच्या आकाराची वस्तू कुणाच्या हातात असते? पोलिसाच्या, किंवा शिकाऱ्याच्या. गडचिरोलीच्या बाजूला याला आणखी एक अर्थ आहे, तो लिहायची गरज नाही. तिथं तोंडाकडून दारू भरायच्या भरमार बंदुका लोकांनी ठाण्यात आणून जमाही केल्या आहेत, अंधारात बंदूक कोणाची आणि कशाची हे कुणी विचारत बसत नाही. रात्री जागलीला गेलेल्या माणसाच्या खांद्यावर काळी नकली रायफल असेल, गस्तीवरच्या वनरक्षकाचा टॉर्च तिच्यावर पडला, तर त्याला तुमचा सातबारा दिसणार नाही, बंदूक दिसेल. नारिंगी टोक टॉर्चच्या उजेडात तीस मीटरवरून ओळखू येत नाही. धुऱ्यावरून भांडण झालं आणि ती नुसती उचलली, तरी समोरच्याला जिवाची भीती घातल्याचा गुन्हा, न्याय संहितेचं कलम ३५१, लागू शकतो. आतून प्लास्टिकची गोळी सुटते की काहीच सुटत नाही, हा बचाव तिथं पुरत नाही. निष्काळजीपणानं कुणाला इजा झाली तर कलम १२५ वेगळं.

पैसे घेऊन एअरसॉफ्टचे खेळ कुठं घेत असतील आणि तिथं मुलं जाणार असतील तर चष्म्याकडे नीट बघा. युरोपीय मानकाच्या चष्म्यावर एक अक्षर कोरलेलं असतं. 'एफ' म्हणजे ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरनं झेलणारा, हिशेबानं ०.८७ ज्यूल. 'बी' म्हणजे तीच गोळी १२० मीटरनं, सुमारे ६.२ ज्यूल. १ ज्यूलच्या एअरसॉफ्टपुढे 'एफ' अपुरा, 'बी' घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला वेल्डिंगचा किंवा ग्राइंडरचा बिनशिक्क्याचा चष्मा चालणार नाही. लोखंडी जाळीचा चष्माही नको, गोळी जाळीवर फुटली तर कपची आत शिरते. मैदानात कुणीही, बघणाऱ्यानंसुद्धा, चष्मा काढायचा नाही, घाम आला तर बाहेर जाऊनच पुसायचा.

मैदानावर जोर मोजायचं यंत्र आहे का, ते विचारा. ०.२० ग्रॅमचीच गोळी घालून, गोळीला फिरकी देणारा रबराचा स्क्रू पूर्ण सैल करून, काही गोळ्या मोजतात आणि सगळ्यात मोठा आकडा धरतात, सरासरी नाही. गॅसवरची बंदूक असेल तर खेळ सुरू व्हायच्या वेळी, उन्हातच मोजायला हवी. तिच्यातला गॅस मुख्यतः प्रोपेन असतो. २० अंशाला त्याचा दाब सुमारे ८ बार, ४५ अंशाला सुमारे १५. सकाळी मर्यादेत असलेली बंदूक मे महिन्यात चंद्रपूरच्या दुपारी मर्यादेबाहेर जाते, सील गळतात, झडप अडकते आणि एकदम सगळा गॅस सुटतो. जपान-युरोपात बनलेल्या वस्तूच्या चाचण्या अशा उन्हात झालेल्या नसतात. गॅसचा डबा टिनाच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवू नका. बॅटरी लिथियमची असेल तर फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही.

लहान मुलांसाठी बाजारातून घेताय तर त्यावर आयएसआय चिन्ह आहे का बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला ते सक्तीचं आहे. जत्रेतल्या पाटावरच्या बंदुकीला ते नसतंच, कारण ती खेळणं नाही, छऱ्याची एअरगन आहे. तिथं मूल पाटाच्या जवळ आणि समोर उभं राहू देऊ नका, कडक फळीवरून छर्रा उलटतो.

आणि वानरांचं काय, हा तुमचा मूळ त्रास राहिलाच. पिकाचं नुकसान झालं की जवळच्या वनकार्यालयात तीन दिवसांच्या आत अर्ज द्या, फोटोत झाड, फळ आणि शक्य असेल तर प्राणी किंवा त्याच्या खुणा येऊ द्या, सातबारा जोडा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. डुकरं आणि रोह्यांसाठी सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे, तुमचं गाव त्यात बसतं का ते वनपालाला विचारा. कुंपणाला घरचा विजेचा प्रवाह थेट जोडायचा नाही, त्यात वाघही मेले आहेत आणि शेतकरीही. सौर यंत्र सेकंदागणिक क्षणभराचा झटका देतं, म्हणून प्राणी जगतो आणि माणूसही. वानर मात्र कुंपण मानत नाही, झाडावरून येतं. त्याच्यासाठी शेजारच्या चार बागायतदारांनी मिळून दिवसाचा राखणदार ठेवणं, धुऱ्यावरच्या ज्या फांद्यांवरून टोळी आत उतरते त्या छाटणं, आणि टोळी पहिल्या झाडावर दिसताच गोफणीचा रिकामा कडाका काढून, दगड न घालता, तिला परत फिरवणं, हेच चालतं. टोळी एकदा बागेत बसून पोटभर खाऊन गेली की ती रोज येणार, म्हणून फळ रंगावर यायच्या आधीपासून राखण सुरू करा.

पुतण्यानं तिकडे रायफल विकत घेतलीच असेल, तर ती तिथल्याच खेळाडूला रीतसर विकून टाकायला सांगा. तिथं घेणाऱ्याचं वय १८ असावं लागतं, ओळखपत्राची नोंद ठेवायला सांगा. इथं घरात कुणाकडे अगोदरच असेल, तर ती पेटीत, गोळ्या आणि बॅटरी वेगळ्या, कुलपात ठेवा आणि बोअर आणि ज्यूलचा आकडा लिहून वर सांगितलेला अर्ज आधी द्या. उत्तर येईपर्यंत ती पेटी घराबाहेर काढू नका, लग्नाच्या वरातीत फोटोसाठीसुद्धा नाही.